देहप्रतिकृती, विरूपणक्षम

किरणोपचारात रुग्णाला द्यावयाचे प्रारण शरीरातील नेमक्या जागी व नेमक्या मात्रेत पोहोचते की नाही, हे रुग्णावर प्रयोग न करता तपासण्यासाठी मानवी शरीरासारखे गुणधर्म असलेली जी वस्तू वापरतात, तिला देहप्रतिकृती किंवा फँटम म्हणतात. जी देहप्रतिकृती दाब, ताण किंवा हवेचा भरणा यांमुळे आपला आकार बदलू शकते व तो बदल ठराविक क्रमाने पुनःपुन्हा घडवून आणता येतो, ती विरूपणक्षम देहप्रतिकृती होय. श्वसनाबरोबर हलणारे फुप्फुस, भरणारे व रिकामे होणारे मूत्राशय, वायूने फुगणारे गुदांत्र आणि उपचाराच्या काळात आकसत जाणारे अर्बुद (गाठ) यांची नक्कल करण्यासाठी तिचा उपयोग होतो. प्रतिमांच्या मार्गदर्शनाने केल्या जाणाऱ्या किरणोपचाराची अचूकता पारखण्याचे ते एक प्रमुख साधन आहे.

आवश्यकता : कर्करोगावरील किरणोपचारात अर्बुदातील कोशिका नष्ट करण्याइतकी मोठी मात्रा द्यावी लागते आणि त्याच वेळी शेजारची निरोगी ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे समूह) शक्य तितकी वाचवावी लागतात. या दोन गोष्टींतील अंतर फारसे मोठे नसते. मात्रा थोडी कमी पडली, तर रोग उलटण्याचा धोका वाढतो. ती थोडी जास्त झाली, तर मेरुरज्जू, आतडे किंवा लालोत्पादक ग्रंथी यांना कायमची इजा होऊ शकते. म्हणून प्रत्यक्ष पोहोचणारी मात्रा नियोजित मात्रेच्या ±५ टक्क्यांच्या आत असावी, अशी शिफारस प्रारण एकके व मापने यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ मध्ये केली. आधुनिक उपचारात प्रारणाच्या शलाका अर्बुदाच्या आकाराला घट्ट बसतील अशा घडविल्या जातात. अशा शलाकांच्या काठावर मात्रा इतक्या वेगाने उतरते की, एक मिमी. अंतराच्या चुकीमुळे तेथील मात्रेत सु. १० टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. अर्थात जागेची चूक ही शेवटी मात्रेचीच चूक ठरते.

शरीर हा काही ताठ ठोकळा नव्हे. रुग्ण प्रत्येक दिवशी त्याच मेजावर, त्याच साच्यात, त्वचेवरील त्याच खुणांनुसार निजविला, तरी आतील इंद्रिये आदल्या दिवशी होती तेथेच असतात असे नाही. माणूस मिनिटाला सु. १२ ते २० वेळा श्वास घेतो व मध्यपटलाजवळच्या फुप्फुसातील अर्बुद प्रत्येक श्वासाबरोबर १ ते २ सेंमी. पर्यंत वर-खाली सरकू शकते. अष्ठीला ग्रंथी (प्रोस्टेट) ही गुदांत्राला लागून असल्याने गुदांत्र फुगताच ती पुढे ढकलली जाते. नियोजनाच्या दिवशी ज्यांचे गुदांत्र फुगलेले होते अशा रुग्णांमध्ये पुढे रोग उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले, असे अमेरिकेतील टेक्सस राज्यात झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. त्या दिवशीच्या प्रतिमेतील ग्रंथीची जागा पुढील उपचारांच्या वेळच्या जागेशी जुळत नव्हती, हे त्याचे संभाव्य कारण होय. अशा चुका टाळण्यासाठी दररोज उपचारापूर्वी शरीराची प्रतिमा घेऊन ती नियोजनाच्या प्रतिमेशी जुळविण्याची पद्धत रूढ झाली. ही जुळणी स्वतः कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न मात्र त्यामुळे पुढे आला. जिवंत रुग्णाच्या शरीरातील प्रत्येक बिंदू खरोखर किती सरकला, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून उत्तर तपासण्यास दुसरे उत्तर उपलब्ध नसते. विरूपणक्षम देहप्रतिकृतीचे मर्म येथेच आहे. तिच्यातील बिंदूंचे खरे विस्थापन आधीच ज्ञात असते.

इतिहास : व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर अल्पावधीतच त्यांचा उपचारासाठी वापर सुरू झाला. त्या काळी मात्रा ठरविण्याचे साधन बहुधा त्वचेवर येणारी लाली हेच होते. शरीराच्या आत किती मात्रा पोहोचते, हे पाहण्यासाठी पाणी व मेण यांचा शरीराच्या जागी उपयोग होऊ लागला. जर्मनीत क्रोनिग व फ्रीड्रिख यांनी १९१८ मध्ये पाण्यातील मात्रेची पद्धतशीर मापने प्रसिद्ध केली. मृदू ऊतकांत पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने प्रारणाचे शोषण व प्रकीर्णन (विखुरणे) या बाबतींत पाणी त्यांना बरेच जवळचे आहे. यामुळे पाण्याने भरलेली टाकी हीच आजही मूलभूत मापनासाठी प्रमाण देहप्रतिकृती मानली जाते.

पाण्याच्या टाकीला हाडे व फुप्फुसे नसतात. १९६० नंतरच्या काळात सॅम्युएल ऑल्डरसन व त्यांचे सहकारी यांनी मनुष्याकृती प्रतिकृती तयार केली. तीत खरा मानवी सांगाडा ऊतकसदृश प्लॅस्टिकमध्ये बसविलेला असून फुप्फुसांच्या जागी हलका पदार्थ होता. हा पुतळा सु. २·५ सेंमी. जाडीच्या आडव्या चकत्यांत कापलेला असून प्रत्येक चकतीत मात्रामापके ठेवण्यासाठी छिद्रे पाडलेली असत. १९८२ मध्ये कॉन्स्टँटिनू व सहकाऱ्यांनी पाण्याशी तुल्य असे घन प्लॅस्टिक सुचविले व त्याच्या पाट्या दैनंदिन मापनासाठी सोईच्या ठरल्या. या सर्व प्रतिकृती ताठ होत्या आणि त्या काळच्या उपचाराला त्या पुरेशाही होत्या. कारण शलाका मोठ्या, चौकोनी व अर्बुदाभोवती बरीच जागा सोडून दिल्या जात.

परिस्थिती बदलली ती संगणकीय छेदलेखनामुळे (सीटीमुळे). गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूची प्रतिमा घेतली. या कार्याबद्दल त्यांना व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे उपचारयंत्रालाच प्रतिमायंत्र जोडण्याचे प्रयत्न झाले. २००२ मध्ये जॅफ्रे व सहकाऱ्यांनी रेषीय वेगवर्धकावर (लिनॅकवर) बसविलेल्या शंकुरूप शलाकेच्या सीटीचे वर्णन प्रसिद्ध केले व त्यामुळे उपचाराच्या मेजावरच रुग्णाची त्रिमितीय प्रतिमा घेणे शक्य झाले. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन (एमआरआय) व किरणोपचार एकत्र आणणाऱ्या यंत्रावर पहिले रुग्ण २०१४ मध्ये उपचारले गेले. नेदर्लंड्समधील उत्रेख्त येथे चुंबकीय अनुस्पंदनाशी जोडलेला रेषीय वेगवर्धक २०१७ मध्ये रुग्णांसाठी वापरात आला. प्रतिमा दररोज मिळू लागताच शरीराचा बदलता आकार डोळ्यांना दिसू लागला आणि बदलत्या आकाराच्या प्रतिकृतींची गरज निर्माण झाली. अशा प्रतिकृतींचा मुख्य विकास २००५ नंतरच्या दोन दशकांतील आहे.

प्रतिमा-जुळणी : देहप्रतिकृतीची रचना समजण्यासाठी ती कशाची परीक्षा घेते हे पाहणे आवश्यक आहे. ताठ जुळणीत एक प्रतिमा सरकवून व फिरवून दुसरीवर बसवितात. त्यासाठी तीन दिशांतील सरकणे व तीन अक्षांभोवतीचे फिरणे अशा सहाच संख्या पुरतात. कवटीसारख्या हाडांच्या बाबतीत ही पद्धत उत्तम चालते. विरूपणानुसारी जुळणीत प्रतिमेच्या प्रत्येक घनांशाला (त्रिमितीय प्रतिमेच्या लघुतम घटकाला) स्वतंत्र विस्थापन दिले जाते. प्रतिमेत असे लक्षावधी घनांश असल्याने शोधावयाच्या संख्याही लक्षावधी होतात व उपलब्ध माहिती तितकी नसते. म्हणून संगणकाला काही गृहीतके पुरवावी लागतात. उदा., शेजारचे बिंदू साधारणपणे बरोबर सरकतात, ऊतक फाटत नाही किंवा स्वतःवर दुमडत नाही इत्यादी. हॉर्न व शुंक (१९८१) यांची प्रकाशीय प्रवाहाची रीत, तिरिऑं (१९९८) यांची ‘डेमन्स’ रीत व र्‍यूकर्ट आणि सहकारी (१९९९) यांची लवचिक जाळीची रीत या अशा गणनपद्धतींची प्रसिद्ध उदाहरणे होत.

या रीती प्रतिमेतील करड्या छटांच्या सीमा जुळवितात. जेथे सीमा ठळक आहेत तेथे त्या चांगले काम करतात. यकृत किंवा अष्ठीला ग्रंथी यांच्या अंतर्भागात छटा जवळजवळ एकसारखी असल्याने तेथे कोणता बिंदू कोठे गेला, याचा पुरावाच प्रतिमेत नसतो. संगणक केवळ अनुमान करतो. परिणामी वरवर पाहता जुळलेली प्रतिमा निर्दोष दिसते, परंतु आतील बिंदू कित्येक मिमी. चुकलेले असू शकतात. फुप्फुस व छातीची भिंत या एकमेकींवरून घसरतात, तेथे ‘शेजारचे बिंदू बरोबर सरकतात’ हे गृहीतकच खोटे ठरते. दिसण्यातली जुळणी व खरी जुळणी यांतील हा भेद उघड करणे, हे विरूपणक्षम देहप्रतिकृतीचे कार्य आहे.

पदार्थ : प्रतिकृतीच्या पदार्थाने एकाच वेळी तीन प्रकारच्या कसोट्या पार कराव्या लागतात. पहिली प्रारणाविषयीची. पदार्थाची घनता, इलेक्ट्रॉन घनता व सरासरी अणुक्रमांक ही ऊतकाच्या जवळपास असावी लागतात. पाण्याची घनता १ धरल्यास मृदू ऊतकांची घनता १ च्या आसपास, हवा भरलेल्या फुप्फुसाची सु. ०·२५ ते ०·३ व घट्ट हाडाची सु. १·९ असते. सीटीच्या मापश्रेणीत पाण्याला शून्य व हवेला उणे १,००० हे अंक दिलेले असून पर्यायी पदार्थांचे अंक त्या त्या ऊतकाच्या अंकांशी जुळले पाहिजेत. दुसरी कसोटी यांत्रिक आहे. पदार्थ इंद्रियाइतकाच मऊ असावा, दाब काढताच मूळ आकारावर यावा आणि शेकडो आवर्तनांनंतरही तसाच वागावा. तिसरी कसोटी प्रतिमांकनाची आहे. चुंबकीय अनुस्पंदनाच्या प्रतिमेत ऊतकाची छटा त्यातील हायड्रोजन अणुकेंद्रांच्या शिथिलन कालांवर अवलंबून असते व सीटीमध्ये अचूक ठरलेला पदार्थ तेथे पूर्ण काळा दिसू शकतो.

या तिन्हींत उत्तीर्ण होणारा एकच पदार्थ सापडत नाही. सिलिकोन रबर टिकाऊ, लवचिक व साच्यात ओतण्यास सोपे असते. परंतु सिलिकॉनचा अणुक्रमांक १४ असल्याने ते सीटीमध्ये ऊतकापेक्षा अधिक पांढरे दिसते. अगार, जिलेटीन यांसारखी पाणीदार जेले प्रारणाच्या दृष्टीने ऊतकाच्या निकट असतात. तथापि ती वाळतात, त्यांना बुरशी लागते व ताण दिल्यास ती फाटतात. पॉलिव्हिनिल अल्कोहॉलाचा विद्राव आळीपाळीने गोठवून व वितळवून मिळणारे जेल पुष्कळ उपयुक्त ठरले आहे. गोठविण्याची आवर्तने वाढविली की ते अधिक ताठ होत असल्याने इंद्रियानुसार ताठपणा ठरविता येतो. फुप्फुसासाठी ओला स्पंज किंवा पॉलियुरेथेनाचा फेस, हाडांसाठी प्लास्टर वा खनिजमिश्रित रेझीन आणि चरबीसाठी वनस्पतितेल किंवा व्हॅसलीन यांचा उपयोग करतात. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे २०१९ मध्ये वर्णन केलेल्या श्रोणी (कटिभागाच्या) प्रतिकृतीत अगारोज जेलात योग्य क्षार मिसळून सीटी व चुंबकीय अनुस्पंदन या दोहोंत स्नायू व ग्रंथी यांच्या छटा साधल्या असून मूत्राशय व गुदांत्र फुगविता येतात. पोकळ इंद्रियांचे साचे अलीकडे रुग्णाच्या सीटीवरून त्रिमितीय मुद्रकावर बनवितात.

रचनेचे प्रकार : श्वसनाची नक्कल करणाऱ्या प्रतिकृतींचे एक बोलके उदाहरण कॅनडातील माँट्रिऑल येथे तयार झालेले व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे. पाण्याने भरलेल्या पारदर्शक ॲक्रिलिकाच्या नळकांड्यात एक रबरी फुगा असून त्यात ओलसर स्पंज ठासून भरलेले आहेत. नळकांडे म्हणजे छाती, स्पंज म्हणजे फुप्फुस व फुग्याच्या टोकाशी असलेला दट्ट्या म्हणजे मध्यपटल. संगणकाच्या आज्ञेने चालणारी मोटर हा दट्ट्या रुग्णाच्या नोंदलेल्या श्वासलयीप्रमाणे मागे-पुढे करते. स्पंजात बारीक तारा व लहान मणी बसविलेले असून ते रक्तवाहिन्या व खुणेचे बिंदू यांचे काम करतात. फुगा दाबला गेला की, दट्ट्याजवळचे बिंदू अधिक व दूरचे बिंदू कमी सरकतात. हेच वास्तविक फुप्फुसातही घडते.

दुसऱ्या प्रकारात खऱ्या इंद्रियांचा उपयोग करतात. जर्मनीत २००३ मध्ये वर्णन केलेल्या कृत्रिम वक्षपेटीत डुकराचे हृदय व फुप्फुसे ठेवून भोवतालच्या पोकळीतील हवेचा दाब कमी करतात. त्यामुळे फुप्फुसे नैसर्गिक रीतीने फुगतात. रक्तवाहिन्यांची खरी शाखारचना हा या पद्धतीचा लाभ असून ऊतक लवकर खराब होणे हा तिचा दोष आहे.

खुणेच्या बिंदूंनी एक तार्किक अडचण उद्‌भवते. धातूचा मणी प्रतिमेत ठळक दिसतो व जुळणीची रीत त्याच मण्याला पकडून यशस्वी होते. खऱ्या रुग्णात तो मणी नसतो. म्हणजे ज्याने परीक्षा घ्यावयाची त्यानेच उत्तर पुरविल्यासारखे होते. यावर तीन उपाय योजले जातात. खुणा इतक्या लहान ठेवाव्यात की, जुळणीवर त्यांचा प्रभाव पडू नये. किंवा जुळणीपूर्वी त्या प्रतिमेतून पुसून टाकाव्यात. किंवा त्या क्ष-किरणांना अदृश्य असाव्यात. सॅन फ्रॅन्सिस्को येथील कर्बी व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तिसरा मार्ग अवलंबिला. त्यांनी श्रोणीच्या एका छेदाची चपटी प्रतिकृती बनवून तिच्या पृष्ठभागावर क्ष-किरणांना न दिसणाऱ्या खुणा छापल्या. मूत्राशयाचा भाग फुगविल्यावर या खुणा साध्या प्रकाशात कॅमेऱ्याने टिपल्या जात. सीटीला त्या दिसत नसल्याने संगणकाला त्यांचा आधार मिळत नसे व परीक्षा निःपक्षपाती होई.

मात्रा नोंदणाऱ्या प्रतिकृती : वरील प्रतिकृती विस्थापन दाखवितात, परंतु उपचारात अंतिम महत्त्व मात्रेला आहे. मात्रा मोजण्यासाठी प्रतिकृतीत आयनीभवन कोठी, प्रारणाने रंग बदलणारी फिल्म किंवा तापविल्यावर शोषित मात्रेच्या प्रमाणात प्रकाश देणारे लिथियम फ्ल्युओराइडाचे कण ठेवतात. यांतून काही बिंदू किंवा एखादे प्रतल यांचीच माहिती मिळते. संपूर्ण त्रिमितीय चित्र देणारे साधन म्हणजे जेल मात्रामापक होय. गोर व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये लोहक्षारयुक्त जेलातील मात्रा चुंबकीय अनुस्पंदनाने वाचता येते असे दाखविले. १९९३ मध्ये मॅरियान्स्की व सहकाऱ्यांनी बहुवारिक जेल पुढे आणले. त्यात प्रारणामुळे लहान रेणू साखळीने जोडले जाऊन बहुवारिक बनतात व जेथे मात्रा अधिक तेथे जेल अधिक पांढुरके होते. ही खूण जागेवरच राहते.

असे जेल लवचिक आवरणात भरले की, तीच वस्तू देह व मापक अशी दोन्ही कामे करते. मेलबर्न येथील यो व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये असे विरूपणक्षम जेल दाबलेल्या स्थितीत प्रारित केले व नंतर दाब काढून घेतला. जेल मूळ आकारावर येताच त्यात नोंदलेली मात्राही त्याबरोबर वाकून आपल्या खऱ्या जागी आली. म्हणजे ‘दाबलेल्या ऊतकाला मिळालेली मात्रा पूर्वस्थितीत कोठे असेल’ या प्रश्नाचे प्रत्यक्ष उत्तर मिळाले व संगणकाने काढलेले उत्तर त्याच्याशी ताडून पाहता आले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात लवचिक पॉलियुरेथेनाच्या मात्रामापकावर झालेल्या अशाच कार्यात (२०१३), प्रतिमेच्या कडा उत्तम जुळूनही आतील मात्रेचे वाटप लक्षणीय चुकू शकते, असे आढळले.

तपासणीची रीत : संपूर्ण तपासणीत प्रतिकृतीला रुग्णाप्रमाणे सर्व टप्प्यांतून नेतात. प्रथम साधे यंत्रसंरेखन पाहतात. लुट्‌झ व विन्स्टन यांच्या १९८८ च्या पद्धतीत धातूची लहान गोळी यंत्राच्या समकेंद्र बिंदूवर ठेवून वेगवेगळ्या कोनांतून प्रतिमा घेतात; प्रतिमायंत्राचे व उपचारशलाकेचे केंद्र एकमेकांशी साधारण उपचारात २ मिमी. च्या व सूक्ष्मलक्ष्यी उपचारात १ मिमी. च्या आत जुळावे, असा अमेरिकन वैद्यकीय भौतिकी संस्थेच्या २००९ च्या अहवालाचा दंडक आहे. त्यानंतर विरूपणक्षम प्रतिकृतीची विश्रांतस्थितीत सीटी घेऊन तिच्यावर अर्बुद व संवेदनशील इंद्रिये रेखाटतात व उपचाराची आखणी करतात. मग प्रतिकृतीला ज्ञात प्रमाणात विरूप करून मेजावर ठेवतात, मुद्दाम थोडी चुकीच्या जागी व तिरपी. प्रतिमायंत्राने ही चूक ओळखून दुरुस्त करावयाची असते. शेवटी प्रारण देऊन मोजलेल्या मात्रेची आखलेल्या मात्रेशी तुलना करतात.

निष्कर्ष निरनिराळ्या अंकांनी मांडतात. खुणेच्या बिंदूची संगणकाने सांगितलेली जागा व खरी जागा यांतील अंतर ही सर्वांत थेट कसोटी होय. दोन बाह्यरेषांमधील सामाईक घनफळ दर्शविणारा अंक पूर्ण जुळणीला १ व मुळीच जुळणी नसल्यास ० असतो. याच संस्थेच्या प्रतिमा-जुळणीविषयीच्या २०१७ च्या अहवालानुसार बिंदूंतील चूक सु. २–३ मिमी. च्या मर्यादेत व सामाईकतेचा अंक सु. ०·८ ते ०·९ असावा. मात्रेच्या तुलनेसाठी लो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेला ‘गामा’ निर्देशांक वापरतात. त्यात मात्रेतील टक्केवारीचा फरक व जागेतील अंतर यांचा एकत्रित विचार होतो. केवळ सरासरीवर विसंबणे धोक्याचे असते. सरासरी चूक २ मिमी. असूनही एखाद्या भागात ती त्याच्या कित्येक पट असू शकते, आणि तोच भाग मेरुरज्जूलगतचा असल्यास सरासरीला काही अर्थ उरत नाही.

या अंकांचा उपयोग अर्बुदाभोवती किती जागा सोडावयाची हे ठरविण्यासाठी होतो. समजा, अर्बुद २ सेंमी. त्रिज्येचा गोल आहे. त्याचे घनफळ सु. ३४ घ. सेंमी. भरते. अनिश्चिततेपोटी सर्व बाजूंनी १ सेंमी. जागा सोडल्यास प्रारित घनफळ सु. ११३ घ. सेंमी. होते, अचूकतेची खात्री पटून ती ५ मिमी. वर आणता आली, तर ते सु. ६५ घ. सेंमी. होते. म्हणजे सु. ४८ घ. सेंमी. निरोगी ऊतक वाचते. उलट, खात्री नसताना जागा कमी केली, तर अर्बुदाची कड दररोज उपचाराबाहेर राहू शकते आणि ही चूक त्या वेळी कोणाच्याच लक्षात येत नाही. ती काही महिन्यांनी किंवा वर्षांनी रोग उलटल्यावर प्रकट होते.

संस्थाबाह्य परीक्षण : प्रत्येक रुग्णालय स्वतःची तपासणी करीत असले, तरी स्वतःच्या मोजपट्टीतील दोष स्वतःला दिसत नाही. यास्तव टपालाने मात्रामापके पाठवून परीक्षण करण्याचा उपक्रम आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरण व जागतिक आरोग्य संघटना यांनी १९६९ पासून चालविला आहे. अमेरिकेत ह्यूस्टन येथील केंद्र मनुष्याकृती प्रतिकृती रुग्णालयांना धाडते व त्यांनी रुग्ण समजून तीवर उपचार करावा, अशी अपेक्षा असते. डोके व मान यांच्या प्रतिकृतीवरील २५० प्रारणांचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्रेत ७ टक्के व अंतरात ४ मिमी. असा सैल निकष असूनही सु. तीन दशांश प्रारणे अनुत्तीर्ण ठरली. ही प्रतिकृती ताठ होती, हे लक्षात घेतले म्हणजे हलत्या व बदलत्या शरीराच्या बाबतीत परीक्षणाची निकड किती आहे, याची कल्पना येते. फुप्फुसासाठी या केंद्राने श्वासाप्रमाणे हलणाऱ्या मेजावरील प्रतिकृतीही उपयोगात आणली आहे.

मर्यादा : कोणतीही प्रतिकृती जिवंत शरीराची पूर्ण बरोबरी करू शकत नाही. तिच्यातील इंद्रिये थोडी व सीमा प्रमाणाबाहेर स्पष्ट असतात. त्यामुळे प्रतिकृतीवर उत्तीर्ण झालेली रीत रुग्णावरही तितकीच अचूक असेल असे नाही. मात्र प्रतिकृतीवर अनुत्तीर्ण झालेली रीत रुग्णावर वापरू नये, हे निश्चित म्हणता येते. दुसरी मर्यादा तत्त्वाची आहे. उपचाराच्या काळात अर्बुद आकसते व रुग्ण कृश होतो, म्हणजे काही ऊतक नाहीसेच होते. प्रतिकृतीत मात्र द्रव्य कायम राहते. नाहीशा झालेल्या ऊतकाला मिळालेली मात्रा बेरजेत कशी धरावी, याविषयी तज्ञांत मतभेद आहेत. याखेरीज जेल मात्रामापके तापमान व ऑक्सिजन यांना संवेदनशील असून बहुधा एकदाच वापरता येतात.

या उणिवा अंशतः भरून काढण्यासाठी संगणकीय प्रतिकृती तयार करण्यात आल्या आहेत. ड्यूक विद्यापीठात विकसित झालेल्या व २०१० मध्ये वर्णन केलेल्या अशा प्रतिकृतीत श्वसन व हृदयस्पंदन यांसह संपूर्ण शरीर गणिती पृष्ठांनी दर्शविले आहे. तसेच प्रत्यक्ष रुग्णांच्या श्वसनकालीन सीटी प्रतिमांत तज्ञांनी प्रत्येकी ३०० बिंदू ओळखून तयार केलेले संच २००९ पासून संशोधकांना उपलब्ध झाले. संगणकीय प्रतिकृतीत प्रत्येक बिंदूचे विस्थापन ज्ञात असते. परंतु यंत्र, मेज व शलाका यांची परीक्षा ती घेऊ शकत नाही. म्हणून दोन्ही प्रकार परस्परपूरक मानले जातात.

भारतातील कार्य : मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. रुग्णालयांना लागणाऱ्या भौतिकीविज्ञांचे प्रशिक्षण तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रात (हल्लीच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात) १९६२ पासून दिले जाते. १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ किरणोपचार यंत्रांच्या सुरक्षिततेचे व गुणवत्तेचे नियमन करते. परदेशी प्रतिकृती महाग असल्याने भारतातील काही भौतिकीविज्ञांनी मेण, पाइन लाकूड यांसारख्या सहज मिळणाऱ्या पदार्थांपासून छाती व श्रोणी यांच्या प्रतिकृती बनविल्या आहेत. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत २०२३ मध्ये प्रोटॉन उपचार सुरू झाला. प्रोटॉन ऊतकात ठराविक खोलीवर थांबतात व ती खोली मार्गातील घनतेवर अवलंबून असते. आतड्यातील वायू किंवा फुप्फुसाचा फुगवटा बदलला की, मात्रेचे शिखरच पुढे-मागे सरकते. त्यामुळे या उपचारात शरीराच्या विरूपणाचा विचार क्ष-किरणांपेक्षाही अधिक काटेकोरपणे करावा लागतो व विरूपणक्षम देहप्रतिकृतींचे महत्त्व त्या प्रमाणात वाढते.

पहा : कर्करोग; किरणोत्सर्ग; क्ष-किरण; प्रारण जीवविज्ञान; वैद्यकीय भौतिकी.